नवी सिस्टीम

नवऱ्याला सगळं आधीच कसं कळतं, हे धाकटीला कोडंच होतं. तिने घरच्या लॅपटॉपवरून गुपचूप नोकरीसाठी अर्ज केला, तर संध्याकाळी त्याने हसत विचारलं, “मग घर कोण बघणार?” दुसऱ्या दिवशी ती लॅपटॉप घेऊन ताईच्या कॉम्प्युटरदुरुस्तीच्या दुकानात गेली. ताईने तो तपासला आणि कपाळाला हात लावला. “अगं, तू लिहितेस ती ओळन्ओळ त्याच्या फोनवर जाते. जुनी सिस्टीम मुळापासून पुसून नवी टाकावी लागेल. त्याला कळेल मात्र.” “कळू दे,” धाकटी म्हणाली आणि तिनेच बटण दाबलं. नवी सिस्टीम सुरू होऊन पासवर्ड मागू लागली. तो दिसू नये म्हणून ताईने आपणहून तोंड फिरवलं. तेवढ्यात नवऱ्याचा कामावरून फोन आला. “लॅपटॉप बंद पडलाय का गं?” “चालू आहे की,” पासवर्ड टाकत ती म्हणाली. “तुम्हाला दिसत नाही, एवढंच.”