दोन नाकं

नाकमामांची नात आत होती, तोंडाला नळी, हाताला सलाईन. बाहेरच्या बाकावर नाकमामा आणि त्यांचा मेहुणा खेटून बसले होते, पण सकाळपासून एकमेकांशी चकार शब्द बोलले नव्हते.

दोघंही डेअरीत दुधाचे कॅन पास करायच्या कामावर. झाकण उघडायचं, वाकून वास घ्यायचा, मान हलवायची. प्रत्येक कॅनवर दोन नाकं, हा मालकाचा नियम. दोन माना हलल्याशिवाय दूध पुढे जात नसे. काल बालवाडीला गेलेल्या कॅनमध्ये धुताना वापरलेलं फिनेल तळाशी राहून गेलं होतं. तिथल्या बाईंनी नेहमीसारखी चॉकलेटची पावडर ढवळली आणि उरलासुरला वासही झाकला गेला. मुलांना उलट्या झाल्या. बाकीची सावरली. नातीची उलटी फुफ्फुसात उतरली.

हिवाळ्यात नातीनेच बालवाडीतून सर्दी आणली होती. मांडीवर बसून तिने ती आजोबांना दिली आणि आजोबांनी इमानेइतबारे डेअरीभर वाटली. सगळे हां हां म्हणता बरे झालेले दिसले. मामांचं नाक मात्र चोंदलं ते चोंदलंच. डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं, की विषाणू केव्हाच गेला, पण आतल्या अस्तराला सूज ठेवून गेला. सायनसची तोंडं बुजली, त्यात पुन्हा सर्दी, पुन्हा सूज, आणि आता ती मुक्कामालाच आली आहे. वाकलं की कपाळ ठणकायचं. वास तर औषधालाही उरला नव्हता.

मालकाला सांगायचं म्हणजे घरी बसायचं. ज्या नाकावर उभा जन्म मिरवला, ते गेलं हे कुठल्या तोंडाने सांगणार? मग मामांनी युक्ती काढली. वाकायचं, नाक ओढायचं आणि हळूच मेहुण्याच्या भुवयांकडे बघायचं. त्या चढल्या नाहीत, की आपली मान हलवायची. मेहुणाही आताशा त्यांच्याकडे बघूनच मान हलवायचा. थोरल्याचा मान राखतो, म्हणून मामांना बरंच वाटायचं. हिवाळ्यापासून एकही कॅन परत गेला नव्हता आणि मालक खूश होता.

काल मात्र एवढा फिनेलचा भपकारा याला कळू नये? मामांचा संताप गळ्यापर्यंत यायचा आणि स्वतःची लाज आठवली की तिथेच अडकायचा.

दार उघडलं. डॉक्टर बाहेर आले, चष्मा पुसत म्हणाले, की आशा ठेवा असं काही मी म्हणणार नाही. ते निघून गेले आणि मामांचा बांध फुटला.

"मला वास येत नाही रे. त्या सर्दीपासून येत नाही. तुझं तोंड बघून मान हलवत होतो मी. सगळी भिस्त तुझ्या नाकावर होती. तूच कसा चुकलास?"

मेहुण्याने बंद दाराकडे बघितलं.

"भाऊजी, ती सर्दी मलाही लागली होती," तो म्हणाला. "मी तुमचं तोंड बघत होतो."