चौथा खेळाडू

बायको गेल्यापासून निवृत्त न्यायाधीश भालचंद्र रेगे यांना एका जागी बसवत नव्हतं. डोक्यातले विचार थांबत नव्हते आणि घरात बोलायला कुणी नव्हतं. डॉक्टरांनी माणसांत जायला सांगितलं, म्हणून ते नाइलाजाने सोसायटीच्या सभागृहात येऊन बसले.

तिथे तीन म्हातारे कॅरम खेळत होते. खेळ कसला, नुसता आरडाओरडा. एकाने राणी घेतली आणि कव्हर न मिळताच स्वतःकडे ठेवून दिली.

"राणी परत ठेवा," रेगे तुच्छतेने म्हणाले. "एवढा साधा नियम कळत नाही?"

"तुम्ही कोण सांगणारे?" तो राणीवाला म्हणाला. तो एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर होता, जगदाळे. "लांबून निकाल देऊ नका. खेळून दाखवा."

बायकोनंतर रेग्यांना असं उलट कुणी बोललं नव्हतं. ते तावातावाने खेळायला बसले आणि त्यांनी पहिल्याच फटक्यात स्ट्रायकर भोकात घातला. तिघेही पोट धरून हसले.

घरी आल्यावरही रेगे धुमसत होते. त्या अडाण्याला काय सुनावायला हवं होतं, याची वाक्यं जुळवत ते जेवले आणि तसेच आडवे झाले. जाग आली तेव्हा खिडकीत सकाळचं ऊन होतं. कित्येक महिन्यांनी लागलेली शांत झोप जगदाळेमुळे लागावी, हे त्यांना मुळीच आवडलं नाही.

संध्याकाळी ते पुन्हा गेले.

"आलात?" जगदाळे म्हणाला. "मला वाटलं, आता तोंड दाखवणार नाही."

"तुमच्यासारख्यांना मोकळं सोडणं बरं नव्हे," रेगे म्हणाले आणि समोरची खुर्ची ओढून बसले.