दाजींची होडी, मेहुण्याची होडी

"बोला, कुठं ओतू?" टँकरवाल्या बन्सीने पाइपाचं तोंड वर धरून विचारलं. "हिरीचं नाव काडू नका. मागल्या खेपंला निम्मं पानी तुमच्या हिरीनंच पिलं. ठिवायला जागा नसंल तर मी चाललो मिरजगावाकडं."

बहात्तरचा दुष्काळ. विहिरीच्या तळाला भेगा पडलेल्या. आप्पासाहेबांचा हरण्या बैल कालपासून मान टाकून बसला होता. टँकर परत गेला तर बैल गेला, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

पाणी साठवायला गावात धड हौद नव्हता. होड्या मात्र दोन होत्या, त्याही शिडाच्या.

झालं होतं असं, की गेल्या साली सरकारने गावाला पाझर तलाव बांधून दिला. तो भरायची वाट कोण बघतो? आप्पासाहेब तडक मुंबईला गेले आणि कुणा साहेबाची जुनी फायबरची होडी ट्रकवर घालून घेऊन आले. बुटकी, हलकी, दोन माणसं जेमतेम मावतील एवढी. आप्पासाहेबांना पोहता येत नव्हतं, पण ती बाब किरकोळ. तलावाच्या कोरड्या तळात होडी ठेवून त्यांनी नारळ फोडला आणि ती वाहून जाऊ नये म्हणून खुंटीला बांधली.

महिनाभरात त्यांचा मेहुणा राधाकृष्ण, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, दुप्पट मोठी होडी घेऊन आला. तिला आत खोली होती, झोपायला फळ्या होत्या, स्टोव्ह होता. समुद्रात पंधरा-पंधरा दिवस मुक्काम करता येतो म्हणे. राधाकृष्णाने ती दाजींच्या होडीला खेटून पोटापर्यंत मातीत रोवली आणि दुपारची झोप तिच्यात काढायला लागला. आत दुसऱ्या कुणाला पाऊल टाकू देत नसे. होडी मळते म्हणायचा. आप्पासाहेबांना हे भारी झोंबलं. लग्नात मेहुण्याने दाजींचा कान पिळायचा असतो, पण तो एकदाच. हा रोज पिळत होता.

मग वर्षभर पारावर दुसरा विषय नाही. "ल्हान होडी बैलासारखी वळती," आप्पासाहेब म्हणायचे. "तुझी म्हंजी पान्यावरली धर्मशाळा." "वादळात पयली तुमचीच उलथंल, दाजी," राधाकृष्ण म्हणायचा. वादळाचा पत्ता नव्हता, पाण्याचाही नव्हता, तरी भांडणात दोघं गळ्यापर्यंत बुडालेले. राधाकृष्णाला दाजींच्या तोंडून एकच वाक्य ऐकायचं होतं, की तुझी मोठी. आप्पासाहेबांनी ग्रामदैवताची शपथ घेऊन सांगितलं होतं, जीभ झडली तरी बोलणार नाही.

बन्सीने पाइप गुंडाळायला घेतला, तेव्हा आप्पासाहेबांची बायको गोजरबाई पुढे झाली.

"अवो," ती नवऱ्याला म्हणाली, "तुमच्या होडीत भायेरचं पानी आत येत न्हाई म्हनता. मग आतलं भायेर कसं जाईल?"

टँकर तलावात उतरला. पहिला मान अर्थातच दाजींच्या होडीचा. आप्पासाहेब मिशीवर हात फिरवत उभे राहिले, तो फिरवून व्हायच्या आत होडी काठोकाठ भरली.

"झालं?" बन्सी म्हणाला. "टँकर तर हाय तसाच हाय."

सगळं गाव मोठ्या होडीकडे बघायला लागलं. राधाकृष्ण तिच्या टपावर पाय हलवत बसला होता.

"घ्या की माजी," तो म्हणाला. "फकस्त दाजींनी एकदा समद्यांदेखत सांगावं, मोठी कुनाची."

आप्पासाहेबांनी हरण्याकडे पाहिलं. दोन गड्यांनी त्याला आधार देऊन तिथवर आणला होता आणि पाण्याच्या वासाने तो थरथरत होता.

"तुझी," आप्पासाहेब पुटपुटले.

"ऐकू न्हाई आलं, दाजी."

"तुझी मोठी हाय, राधाकृष्णा!"

एवढ्या मोठ्याने ते हरण्या विकत घेतानाही ओरडले नव्हते. लाजेने त्यांचे कान तापले. बैलासाठी अब्रू गेली, तीही बायकोच्या भावापुढे.

राधाकृष्णाने गादी बाहेर काढली, स्टोव्ह काढला. मोठ्या होडीने उरलेला अख्खा टँकर पोटात घेतला. बायकांनी पाइपाखालीच घागरी भरून घेतल्या. राधाकृष्ण छाती काढून होडीभोवती हिंडत होता. बन्सी गेला आणि गुरं सोडली.

गुरं आधी मोठ्या होडीकडेच धावली. तिची कड माणसाच्या डोक्याएवढी उंच. आत पाणी हिंदकळत होतं आणि बाहेर गुरं कोरडा फायबर चाटत होती. थोडा वेळ ती हंबरली, मग वळली आणि आप्पासाहेबांच्या होडीला सगळीकडून भिडली. बुटक्या कडेवरून हरण्याने तोंड घातलं ते पोट फुगेपर्यंत काढलं नाही. बघता बघता होडीचा तळ दिसायला लागला आणि निम्मी गुरं अजून तहानलेलीच.

गोजरबाईने बादली उचलली आणि भावाच्या हातात दिली.

"उतर आत," ती म्हणाली. "दुसऱ्या कुनाला तू पाऊल टाकू देत न्हाईस."

राधाकृष्ण धोतर खोचून स्वतःच्या शयनगृहात कमरेएवढ्या पाण्यात उतरला. एकेक बादली भरायची, वर चढायचं आणि दाजींच्या होडीत ओतायची. ऊन कलायला आलं तरी गुरं संपेनात.

आप्पासाहेब आपल्या होडीच्या कडेवर बसले होते. एक हात हरण्याच्या पाठीवर होता.

"खरंच लई मोठी हाय रं तुझी, राधाकृष्णा," ते आता कुणी न विचारता म्हणाले. "जरा बेगीनं ओत."