ओल्या सह्या

गोळ्यांची रिकामी पाकिटं काउंटरवर ठेवत म्हातारी म्हणाली, "पाणीखात्यातल्या घोडेरावांची मी बायको. त्यांच्या गोळ्या न्यायच्यात."

पालिकेच्या तळमजल्यावर कर्मचाऱ्यांसाठी हे औषधालय उघडून सहा महिने झाले होते. शलाकानं वही पुढं ओढली. "काका तर दर महिन्याला स्वतः येतात. सही त्यांचीच लागते." सहाही सह्या ओल्या बोटांनी फिसकटल्या होत्या. कुठल्या तरी गल्लीचं पाणी सोडून तसेच येत असतील, असं तिला वाटायचं.

"ते जाऊन वर्ष झालं," म्हातारी म्हणाली. "जुन्या यादीत नाव राहिलंय."

शलाकानं पाकिटं उलटून पाहिली. पाकिटांवर तिचंच अक्षर होतं आणि आत एकही गोळी उरली नव्हती. नाव खोडायला तिनं पेन उचललं, तसं म्हातारीनं तिचं मनगट धरलं.

"नको खोडू, पोरी. गोळी चुकली की घरातला एकेक नळ सोडत फिरतात. कालच संपल्या. आज सकाळपासून घरात नाहीत ते."

शलाकाच्या पाठीमागं बेसिनचा नळ धो धो वाहू लागला.