एक ओळ कोरी

कागद बाबांपुढे सरकवून तिने हात पटकन मागे घेतला, चटका बसल्यासारखा.

रविवारची दुपार. टेबलावर फासे, पेन्सिली आणि चहाचे चार कप. खेळ तसा साधा. ती गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं आणि गाडी अडली की फासा टाकायचा. आपण कोण, आपल्याला काय येतं, भीती कशाची वाटते, हे ज्याने त्याने आधी कागदावर लिहून ठेवायचं. शेजारच्या मास्तरांनी स्वतःला सेनापती करून घेतलं होतं. आयुष्यभर शाळेत शिपायानेही त्यांचं ऐकलं नव्हतं, त्याची भरपाई. मावशी जादूगारीण होती आणि जादू करण्याआधी दर वेळी चष्मा शोधायची.

बाबांना मात्र आता असा माणूस रचणं जमत नसे. दोन ओळींतच डोकं थकायचं. म्हणून ती त्यांच्यासाठी तयार पात्र लिहून आणायची. कधी नावाडी, कधी भामटा. बाबा दोन तास तो माणूस व्हायचे आणि खेळ संपला की कागद परत करायचे. तयार पात्रं पुठ्ठ्याच्या खोक्यात राहत, पुढे कुणी नवखा आला तर त्याच्यासाठी. प्रत्येक कागदावर एक ओळ ती मुद्दाम कोरी सोडायची. ती खेळणाऱ्याने भरायची. त्याशिवाय उसना माणूस आपला होत नाही, असं तिचं म्हणणं.

आजच्या कागदावर लिहिलं होतं: कुलूपवाला. वय बहात्तर. किल्ली नसली तरी कुठलंही कुलूप उघडतो. पाण्याला घाबरतो. बायको वारली. मुलगी एक. खाली कोरी ओळ: मुलीला हाक मारतो ती अशी.

"अशी परीक्षा घेऊ नये गं माणसाची," मावशी मघाशी स्वयंपाकघरात म्हणाली होती. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

दोन महिने झाले, बाबांनी तिला हाक मारली नव्हती. हाक सोडाच, 'तू' नाही की 'तुम्ही' नाही. "चहा मिळेल का?" "खिडकी लावली तर बरं होईल." समोर कोण आहे हे सांगावंच लागू नये, अशी वाक्यं. चाळीस वर्षं दुसऱ्यांची कुलपं उघडलेला माणूस बोलण्यातून असा अलगद निसटायचा. आपण त्यांच्या लेखी अजून मुलगी आहोत की घरात वावरणारी कुणी बाई, हे तिला कळत नव्हतं. थेट विचारायची तिची छाती होत नव्हती.

बाबांनी कागद सावकाश वाचला. चेहऱ्यावर काही उमटलं नाही. नावाड्याचा वाचला होता तसाच हाही वाचला.

"तुम्ही तळघरात पोचलात," तिने गोष्ट सुरू केली. "समोर लोखंडी दार. कुलूप गंजलेलं आहे."

"फोडा," सेनापती म्हणाले.

"थांबा हो," बाबा म्हणाले. "कुलपाशी दांडगाई करायची नाही. आधी कान लावायचा." त्यांनी हवेतच एक तार आत सरकवली, मान कलती केली, डोळे मिटले. बोटं थरथरायची थांबली. दुकानाच्या फळीवर बसून लहानपणी तिने हेच हात तासन्‌तास पाहिले होते.

मास्तरांनी फासा टाकला. "दोन. नाही उघडत."

"फाशाला काय कळतं कुलपातलं?" ती म्हणाली. "उघडलं."

बाबा हसले. आणि मग, कुणी न सांगता, त्यांनी पेन्सिल उचलली आणि कोऱ्या ओळीवर लिहिलं: पक्कड.

तिने उलटं असूनही ते वाचलं. जन्मल्या दिवशी तिने बाबांचं बोट धरलं ते सोडलंच नव्हतं, म्हणून हे नाव. आईला ते मेलं आवडायचं नाही. सगळ्या जगात एकच माणूस तिला ही हाक मारायचा. मावशीने चष्मा काढला आणि पदराने पुसला. पुढची गोष्ट तिने कशी सांगितली ते तिचं तिला कळलं नाही. दोन खजिने तिने एकाच विहिरीत ठेवले आणि एका मेलेल्या राक्षसाला पुन्हा मारलं. कुणी तक्रार केली नाही. आनंदाने ती नुसती भरून गेली होती.

खेळ संपला. मास्तर घरी गेले. तिने कागद गोळा केले. बाबांनी आपला दिला नाही. हातात धरून ते पुन्हा वाचत होते.

"राहू द्या तुमच्याकडेच, बाबा," ती म्हणाली.

"नको. नियम तो नियम." त्यांनी कागदाची घडी घातली, ती अंगठ्याने नीट दाबली आणि तिच्या हातात ठेवली. कागद सोडताना ते क्षणभर घुटमळले.

"बाई, तुम्ही भल्या दिसता, म्हणून सांगतो," ते म्हणाले. "याला एक पोरगी आहे. धरलेलं बोट सोडत नाही ती. तिला जपेल अशाच कुणाला हा माणूस द्या."