घराचा ताबा

"वकीलबिकील कशाला हवाय?" घरमालक काका म्हणाले. "'घराचा ताबा सोडला' एवढं लिहायचं, नवरा-बायको दोघांनी सही करायची, किल्ल्या द्यायच्या. झालं!"

मग ते भाडेकरणीला मागे घेऊन एकेक खोली तपासत निघाले. बाथरूमची आतली कडी लाथेनं उखडलेली. बेडरूमच्या भिंतीचा गिलावा फुटलेला, बरोबर तिच्या डोक्याच्या उंचीवर. तिचं डोकं तिथं आपटल्यावरही नवरा तोंड पाडून नेहमीचंच म्हणाला होता, "माझा ताबा सुटतो गं. मी तरी काय करू?"

हॉलमध्ये काका थबकले. पडद्याचा लोखंडी दांडा मधोमध वाकून कोपऱ्यात पडला होता.

"आता हा कसा वाकला? आणि साहेब कुठायत? त्यांची सही हवी."

"ते हॉस्पिटलात आहेत. दोन्ही हात प्लास्टरमध्ये. सही काही जमायची नाही."

"अरे देवा! झालं काय एवढं?"

तिनं किल्ल्या काकांच्या हातावर ठेवल्या.



"काल माझा ताबा सुटला, काका. मी तरी काय करू?"