फाटकावरची झडती

खोटं सांगितलं तर गावचा देव बालाजी पाहून घेईल. महाराष्ट्र नवा होता तेव्हा देऊळगाव राजाच्या एका जिनिंगमध्ये बाया दिवसभर कापसाच्या धुळीत राबायच्या, नि मालक काचेच्या बंद खोलीत बसायचे. सुटी झाली की फाटकावर मालकांसमोर बायांची झडती व्हायची. एकदा झडती देतादेता सोजराबाईला खोकला आला आणि तोंडातून मूठभर कापूस पडला.

"चोरी!" मालक ओरडले. "उद्यापासून कामावर येऊ नको."

"चोरी कायची, मालक? काम करता करता नाकातून गेला नं तो!"

"कसाही गेला असन. कापूस माहा आहे. खोकून परत कर, मंगच काम भेटन."

"हाव," सोजराबाई म्हणाली. मालकांच्या मागोमाग सगळ्या बाया काचेच्या खोलीत शिरल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.



दुसऱ्या दिवशी हमालांनी त्या खोलीतून फावड्यांनी कापूस उपसला, तेव्हा कुठं मालकांची टोपी दिसली.